नामंजूर भोपळा

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. पक्कं लक्षात राहिलं, कारण त्याच साली आमच्या गल्लीत पहिला टेलिफोन आला आणि त्याच साली भाऊ निवृत्त झाले. टेलिफोन डॉक्टरीणबाईंकडे आला आणि भाऊ घरी आले. दोन्हींत टेलिफोनचा त्रास कमी, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पुढे कित्येक वर्षं म्हणायच्या.

भाऊ पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर होते. उभी नोकरी त्या एका खिडकीत गेली. त्यांचं कसब असं, की समोरचा माणूस कितीही तापलेला असो, भाऊ त्याचा अर्ज घेत, शिक्का मारत आणि मऊ आवाजात म्हणत, "ठेवून जा. बघतो." 'नाही' हा शब्द त्या खिडकीतून त्यांनी कधी बाहेर पडू दिला नाही. पाणीही फारसं पडू दिलं नाही, तो भाग वेगळा. पण माणसं शांत होऊन घरी जात, आणि वरचे साहेब म्हणत की भाऊंसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

अशा माणसाला घरी बसवलं की तो काहीतरी फोडतो. भाऊंनी टाकी फोडली. स्वयंपाकघरामागे सिमेंटची जुनी टाकी होती, आणि पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरची असल्यामुळे ती कायम गळकी होती. टाकी गेली आणि परसात दोन खाटांएवढी जमीन उघडी पडली. वर्षानुवर्षं गळतं पाणी पिऊन ती इतकी तुकतुकीत काळी झाली होती, की बघणाऱ्याला आपोआप शेतकरी झाल्यासारखं वाटावं. भाऊंना वाटलंच.

"भाजी लावायची," त्यांनी जाहीर केलं. "पण जुन्या वाणाची. बाजारातल्या भाजीला चव राहिलेली नाही."

"मग लावा की मिळेल ती," वहिनी म्हणाल्या.

"मिळेल ती लावायची असती तर टाकी कशाला फोडली असती?"

पुढचे कितीतरी दिवस घरात जेवायच्या टेबलावर बशा मांडलेल्या. एका बशीत टोमॅटोचं बी, एकीत वांग्याचं, एकीत कसलंतरी काळं, जे नंतर मिरी निघालं. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून बशांभोवती फिरत आणि मुलीसाठी स्थळ बघावं तसे एकेका वाणाचं घराणं तपासत. जेवायला बसलेल्या माणसाने वाटी उचलताना ती आमटीची की बियांची, हे आधी पाहून घ्यावं लागे.

शेवटी वहिनीच उठल्या. कपाटातून त्यांनी पावडरीचा एक जुना डबा काढला आणि भाऊंच्या पुढ्यात ठेवला. आत मूठभर भोपळ्याच्या बिया होत्या. त्यांना भोपळ्याचा नाही, पावडरीचा वास येत होता.

"आईच्या भोपळ्याचं बी," वहिनी म्हणाल्या. "आई गेल्यावर मी एवढंच मागून आणलं होतं. धाकटीला त्यातलं दिलं होतं, ते उंदरांनी खाल्लं. आता जगात एवढंच आहे."

तो भोपळा भाऊंनीही खाल्लेला होता. चपटा, राखाडी सालीचा, अंगावर खोल पन्हळी असलेला, दिसायला अगदी सामान्य. कापला की मात्र आत गर्द केशरी. सासूबाई तो कापण्याआधी बोटाच्या पेराने ठोकायच्या आणि कान लावून ऐकायच्या, आत कोणी आहे का असं विचारल्यासारख्या. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा भाऊंना सासरबद्दल थोडी काळजी वाटली होती. पण चव घेतल्यावर त्यांनी ती काळजी सोडून दिली.

"हे लावा," वहिनी म्हणाल्या. "आणि दुसरं काही नको. पण जपून हं."

"माझ्यावर सोड," भाऊ म्हणाले. गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

पण गल्लीत बातमी पोचली. आमच्या गल्लीत बातमीला टेलिफोनची गरज कधीच पडली नाही.

पहिले आले कवायत मास्तर. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांच्या गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. "भाऊ, भोपळा असावा तर सरळ," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "माझ्या वडिलांचा वाण आहे हा. जमिनीवर उभा केला तर गुडघ्याला लागतो. आजवर एकही वाकडा निघाला नाही. वाकडा निघायची त्याची हिंमतच नाही."

मग कोपऱ्यावरचे घड्याळवाले आले. घड्याळाची चाकं ठेवावी तशा त्यांनी बिया कागदाच्या बारीक पुड्यांत बांधून आणल्या होत्या. "आमचा भोपळा मुठीएवढा," ते म्हणाले. "एका वेळच्या भाजीपुरता. कापला, संपला. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्नच नाही. मास्तरांचा भोपळा म्हणजे काय हो, कापायला घेतला की पाहुणे बोलवावे लागतात."

डॉक्टरीणबाई दवाखान्यातून थेट आल्या. त्यांचा भोपळा पांढरा, मोठा, घटासारखा गोल. "पचायला हलका," त्या म्हणाल्या. "लावा. तुम्हाला या वयात तोच लावला पाहिजे." त्यांच्या बोलण्यात सूचना आणि औषध यांत फरक नसे.

या तिघांचं आपसात विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि आता तर भोपळाच मध्ये आला होता. एकाचा घेऊन दुसऱ्याचा नाकारावा तर गल्लीत कायमची लढाई. आणि भाऊंना नाकारणं कुठे ठाऊक होतं? तिघांनाही ते म्हणाले, "ठेवून जा. बघतो." तिघेही खूश होऊन घरी गेले.

भाऊंची लेक तेव्हा कॉलेजात शास्त्र शिकत होती. वाफ्यात चार आळी शेजारी शेजारी खणलेली पाहून ती दारात थबकली.

"बाबा, हे चारही भोपळे एकाच जातीचे आहेत. मधमाश्या याचे पराग त्याच्या फुलात नेतील. सगळ्यांची सरमिसळ होईल."

"हे बघ," भाऊ म्हणाले, "मास्तरांच्या, घड्याळवाल्यांच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या शेजारी आपण इतकी वर्षं राहिलो. आपण बदललो का?"

"मधमाशीला कुंपण कळत नाही, बाबा."

"मग कुंपण जरा उंच घालतो."

लेकीने कपाळाला हात लावला. पण शिकलेल्या मुलीचं बापाने ऐकलं, असं त्या काळी फारसं होत नसे. आताही होत नाही म्हणतात.

आता भाऊंना आणखी एका गोष्टीची ओढ लागली होती, ती सांगायला हवी. त्यांना कचेरीची आठवण येई. डिंकाचा वास, शाईचा डाग पडलेलं टेबल, दुपारचा पंख्याचा आवाज. वहिनींपाशी हे बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात त्यांना वर्तमानपत्रात दिसलं की सरकारने जुन्या वाणांची नोंदणी सुरू केली आहे. वाण मंजूर झाला की त्याची कायमची नोंद होणार, आणि नोंदीखाली जतन करणाऱ्याचं नाव छापलं जाणार.

"सरकारला काय करायचाय माझ्या आईचा भोपळा?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, कायमची नोंद होईल. खाली जतन करणाऱ्याचं नाव असतं."

"म्हणजे आईचं?"

भाऊंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे... अर्जदाराचं."

वहिनींनी डबा परत उचलला. मूठभरातलं चिमूटभर बी मात्र त्यांनी काढून दिलं, तेही डबा छातीशी धरून.

वाण नोंदणी कचेरी एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. भाऊ आत शिरले आणि डिंकाच्या वासाने त्यांचे डोळे भरून आले. खिडकीत एक कारकून बसला होता. त्याने मान न उचलता अर्ज घेतला, बियांच्या पाकिटावर लाख लावली, शिक्का मारला आणि अर्ज वाचायला घेतला.

"चौथा रकाना रिकामा आहे," तो म्हणाला. "वाणाचं नाव."

"नाव असं नाही. सासूबाईंचा भोपळा म्हणतात."

"नातं चालत नाही. नाव लागतं."

"मग काय करू?"

कारकुनाने प्रथमच मान वर केली आणि मऊ आवाजात म्हटलं, "ठेवून जा. बघतो."

भाऊ पायऱ्या उतरताना कितीतरी वेळ अस्वस्थ होते. ते वाक्य खिडकीच्या बाहेरच्या बाजूने कसं ऐकू येतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं.

त्या वर्षी वेल असे फोफावले की बघत राहावं. मांडव झाकला, कुंपण झाकलं, एक वेल डॉक्टरीणबाईंच्या टेलिफोनच्या तारेला भेटून आला. आणि भोपळे धरले ते अगदी ज्याचे त्याच्यासारखे. मास्तरांचा सरळ, घड्याळवाल्यांचा मुठीएवढा, डॉक्टरीणबाईंचा पांढराफेक आणि मधोमध सासूबाईंचा, राखाडी आणि पन्हळीदार. भाऊ लेकीला म्हणाले, "कुठे आहे तुझी सरमिसळ?" लेक म्हणाली, "बी लावून बघा, मग सांगते." पण ऐकायला भाऊ तिथे होते कुठे? ते भोपळ्यांबरोबर उभे राहून गल्लीला दर्शन देत होते.

वहिनींनी पहिला भोपळा ठोकला, कान लावला आणि जराशा हसल्या. चव घेऊन म्हणाल्या, "हाच. अहो, हाच." निवृत्तीनंतर वहिनींनी भाऊंच्या कुठल्याही कामाला लावलेलं ते पहिलं विशेषण होतं, आणि विशेषण नसलं तरी भाऊंनी ते तसंच धरलं. जुनं बी सगळं पेरून संपलं होतं. वहिनींनी नवं बी धुऊन, वाळवून पावडरीच्या डब्यात भरलं.

पेरावं तसं उगवतं, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने भाऊंचं परस पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी फक्त डब्यातलंच बी लावलं. वेल आले, फुलं आली आणि मग जे काही धरलं त्याला नाव नव्हतं. एक भोपळा वर सरळ आणि खाली घटासारखा. एकाची साल पांढरी, त्यावर राखाडी ठिपके, जणू त्याला कसलीतरी लागण झाली आहे. एक मुठीएवढाच राहिला, पण त्याला पन्हळी पडल्यामुळे तो रागावल्यासारखा दिसे. आणि एक तर कमरेत वाकलेला, मास्तरांच्या भोपळ्याची उंची आणि डॉक्टरीणबाईंच्या भोपळ्याचं पोट घेतलेला.

गल्ली कुंपणाशी गोळा झाली.

"हा आमच्याकडचा आहे का?" मास्तरांनी वाकड्या भोपळ्याकडे बोट दाखवून विचारलं. "भाऊ, आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं."

"तुमचं घराणं आमच्यात शिरलंय, त्याचं काय?" घड्याळवाले म्हणाले. "आमचा मुठीएवढा होता, त्याला हे पोट कुणाचं लागलं?"

"पोटाबद्दल माझ्याकडे बघून बोलायचं कारण नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाऊंनी एक कापून सगळ्यांना फोडी वाटल्या. चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होती. भाऊंनी पुठ्ठा कधी खाल्ला होता असं नाही, पण घास तोंडात गेला आणि त्यांना कचेरीतल्या जुन्या फायली आठवल्या.

वहिनींनी सर्वांत राखाडी दिसणारा भोपळा उचलला, ठोकला आणि कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्यांनी तो खाली ठेवला, आत जाऊन पावडरीचा रिकामा डबा धुतला, पुसला आणि कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिला. एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढेही बोलल्या नाहीत. म्हणजे चहा मिळे, जेवण मिळे, फक्त 'अहो' बंद झालं. वहिनी जे काही सांगायचं ते भिंतीला सांगत. "दळण आणायचं राहिलंय," त्या भिंतीला म्हणत, आणि भाऊ पिशवी घेऊन निघत. भांडण असतं तर भाऊंनी ते विचाराधीन ठेवलं असतं, पण हे भांडण नव्हतं. एक बाई आपल्या आईची शेवटची वस्तू त्यांच्या हाती देऊन मोकळी झाली होती, आणि त्यांनी ती गल्लीला खूश करण्यात घालवली होती. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, त्यात निदान भोपळा तरी असतो.

तोडगा लेकीला सुचला. "बाबा, कचेरीत दिलेला नमुना? तो लागवडीच्या आधीचा होता. तो शुद्ध आहे."

भाऊ चप्पल घालायला विसरले. फाटकातून परत आले, चप्पल घातली आणि पुन्हा निघाले.

कारकून तिथेच होता. पंखाही तिथेच होता. "नमुना?" तो म्हणाला. "आहे की. कपाटात. आमच्याकडे काही हलत नाही." हे तो अभिमानाने म्हणाला, आणि भाऊंना त्याला मिठी मारावीशी वाटली.

"मग तो परत द्या."

"परत द्यायची तरतूद नाही. अर्ज मंजूर झाला की नमुना मुख्य भांडारात जातो. तिथून दाणाही बाहेर येत नाही."

"मग मी अर्ज मागे घेतो."

"मागे घेतला की नमुना नष्ट करतात."

"मग माणसाने करायचं काय?"

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीतून पुढे वाकला. "फेटाळला गेला, तर अर्जदाराला परत देतात. पण इथे अजून कुठलाच अर्ज फेटाळला गेलेला नाही. आम्ही फेटाळत नाही, ठेवतो. तुम्ही सुनावणी मागा. हरकती घेणारी माणसं आणा. नवीन साहेब आलेत, त्यांना निर्णय घ्यायची हौस आहे."

अशा रीतीने स्वतःचाच अर्ज पाडण्यासाठी भाऊ कामाला लागले. हरकत घेणारे शोधायला लांब जावं लागलं नाही. गल्लीतल्या तिघांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, की भाऊंच्या भोपळ्याला नावं ठेवायची. भाऊंच्या बाहेरच्या खोलीत तालीम झाली.

"पण खोटं बोलायचं?" घड्याळवाल्यांनी विचारलं. "पहिल्या वर्षीचा मी खाल्लाय हो. चांगला होता."

"खोटं नाही, मत द्यायचं," भाऊ म्हणाले.

"मी तर माझ्या भोपळ्याच्या बाजूने बोलेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढ्याने आपोआप होईल."

मास्तरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून बोलायचा क्रम ठरवला. आतून वहिनींचा आवाज आला. त्या भिंतीला सांगत होत्या, "मी येणार आहे. माझ्या आईच्या भोपळ्याला कोण काय म्हणतंय, ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

भाऊंनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी छताकडे. पण नको म्हणणार कोण?

सुनावणीची खोली लांबट होती. मध्ये टेबल, टेबलावर लाख लावलेलं पाकीट, पलीकडे नवीन साहेब. साहेब तरुण होते, चेहरा गंभीर. जुने वाण वाचवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे असं त्यांना मनापासून वाटे, आणि आतापर्यंत एकही वाण वाचवायला न मिळाल्यामुळे ते कासावीस झाले होते. कारकून कोपऱ्यात कागद घेऊन बसला होता.

मास्तर ताठ उभे राहिले. "हा भोपळा चपटा आहे, साहेब. आडवा वाढतो. त्याला शिस्त नाही."

घड्याळवाले म्हणाले, "मोठा आहे. म्हणजे तसा लहान आहे. पण एका वेळेला संपत नाही." आणि ते घाम पुसून बसले.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या पांढऱ्या भोपळ्याचे गुण इतके सविस्तर सांगितले की साहेबांनी दोनदा विचारलं, "अर्ज कुठल्या भोपळ्याचा आहे?"

मग भाऊ उठले. "अर्जदार म्हणून माझंच मत असं आहे, की या भोपळ्यात विशेष काही नाही. साल राखाडी. बघून कुणी उचलणार नाही. चवीला..." इथे त्यांनी वहिनींकडे पाहण्याची चूक केली. "चवीला, भोपळ्यासारखा."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"भोपळ्यासारखा?" त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या भिंतीऐवजी भाऊंकडे बघून बोलल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलात तेव्हा तिसऱ्यांदा वाढून घेतला होतात. आईने स्वतःला ठेवलेली फोड तुमच्या ताटात घातली. ती भोपळ्यासारखी होती?"

"अगं, ऐक तरी—"

"साहेब, तुम्ही ऐका. माझी आई हा भोपळा कपाटावर ठेवायची. सगळी थंडी तो तिथे बसून असायचा, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. आम्ही आजारी पडलो की मगच खाली उतरायचा. आई त्याला बोटाने ठोकायची, कान लावायची. आम्ही विचारायचो, काय ऐकतेस? ती म्हणायची, तयार आहे का विचारते. ताप असलेल्या पोराला चव लागत नाही म्हणतात ना? याची लागायची. साखर नाही, मसाला नाही, नुसता वाफवलेला. आई गेली तेव्हा भावंडांनी भांडी वाटून घेतली, मी बी घेतलं. सगळे हसले मला. हसू देत. भांडी काय, बाजारात मिळतात."

मास्तरांनी मान खाली घातली होती. घड्याळवाल्यांनी रुमाल काढला. भाऊंना मात्र दिसत होतं ते साहेबांचं पेन. ते दौतीत बुडून वर आलं होतं, आणि साहेबांचे डोळे चमकत होते.

"हाच तो वाण," साहेब म्हणाले. "असल्याच वाणासाठी ही कचेरी उघडली आहे. मी मंजुरी देतो."

भाऊंनी पाकिटाकडे हात केला आणि मागे घेतला. वहिनींनाही तेव्हा उमगलं, की आपण आईचा भोपळा इतका छान सांगितला की तो आता कायमचा चालला. त्या मटकन खाली बसल्या आणि पाकिटाकडे बघत राहिल्या.

कोपऱ्यातून कारकून खाकरला. "साहेब, चौथा रकाना रिकामा आहे. नावाशिवाय मंजुरी देता येत नाही."

"मग आत्ता भरू," साहेब म्हणाले. आणि मग ते भाऊंकडे वळून हसले, अगदी आपुलकीने. "अर्जदार तुम्हीच ना? मग तुमचंच नाव देऊ वाणाला. पुस्तकात तसंच छापून येईल, कायमचं. म्हणा हो, की लिहितो."

भाऊंनी आयुष्यात दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले होते. त्यांचं नाव छापून आलं होतं ते एकदाच, निवृत्तांच्या यादीत, तेही चुकीचं. साहेबांचं पेन रकान्यावर थांबलं होतं. समोरचा माणूस काहीतरी देत होता, प्रेमाने देत होता, आणि भाऊंनी आजवर कुणाचं काही परत केलं नव्हतं. 'ठेवून जा' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेसुद्धा.

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पाकिटाकडे बघत होत्या.

"नाही," भाऊ म्हणाले.

आवाज एवढा चमत्कारिक निघाला की सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊंनीही जरा आजूबाजूला पाहिलं, कोण बोललं ते बघायला.

"नाही म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"माझं नाव द्यायचं नाही. दुसरंही द्यायचं नाही. या भोपळ्याला नाव नाही, साहेब. तो यांच्या आईचा आहे."

"पण मग मला हा अर्ज फेटाळावा लागेल. तुम्हाला कळतंय का?"

"हो," भाऊ म्हणाले. "फेटाळा."

साहेबांनी पेन पुन्हा दौतीत बुडवलं. मग जड हाताने लिहिलं, 'नामंजूर'. कारकुनाने शिक्का शोधला. तो शिक्का कधी वापरलाच नसल्यामुळे त्याची शाई वाळली होती, आणि त्याने त्यावर तोंडाची वाफ सोडून सोडून तो उमटवला. मग त्याने पाकीट उचललं, सही घेतली आणि भाऊंच्या हातात न देता वहिनींच्या हातात दिलं.

पायऱ्या उतरताना वहिनी पुढे होत्या, भाऊ मागे. मधल्या वळणावर वहिनी थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "जपून उतरा. पायऱ्या झिजल्यात."

त्या वर्षी गल्लीत कुणीही दुसरा भोपळा लावला नाही. मास्तरांनी शिट्टी वाजवून तसा हुकूमच काढला होता, आणि घड्याळवाले रोज सकाळी मधमाश्या कुठून येतात ते भिंग लावून बघून जात. लेकीने वहिनींना फुलं कापडाने बांधून हाताने पराग लावायला शिकवलं, ते त्यांनी पुढे कधी सोडलं नाही. सासूबाईंचा भोपळा धरला, चपटा, राखाडी, पन्हळीदार. वहिनींनी तो ठोकला, कान लावला आणि मग भाऊंच्या कानाला लावला. भाऊंना काहीही ऐकू आलं नाही. पण त्यांनी मान हलवली. काही गोष्टींना हो म्हणणंच बरं, एवढं त्यांना अजून कळत होतं.

एरवी मात्र त्या दिवसापासून भाऊंना 'नाही' म्हणायची चटक लागली. वर्गणीला नाही, पाहुण्यांना नाही, डॉक्टरीणबाईंच्या पथ्याला तर दोनदा नाही. गल्लीला ते नकोसं झालं. वहिनी म्हणायच्या, पूर्वीचेच बरे होते. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भाऊ गेले, आजारपणात वाफवलेली फोड खाऊन. ती त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतली होती. वहिनी त्यांच्यामागे खूप जगल्या. शेवटपर्यंत कपाटावर भोपळा असायचा आणि त्याला ठोकल्याशिवाय कुणाला हात लावता यायचा नाही.

मास्तर मुलाकडे राहायला गेले, जाताना शिट्टी शाळेला देऊन गेले. शाळेने ती हरवली. घड्याळवाल्यांच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात. डॉक्टरीणबाई नव्वदीच्या पुढे गेल्या आणि त्याचं सगळं श्रेय त्यांनी पांढऱ्या भोपळ्याला दिलं. नवीन साहेबांची बदली झाली, पुढे त्यांनी वाणांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात आमचा भोपळा अर्थातच नाही. कारकून अजून एकदाच भेटला, निवृत्तीनंतर, बाजारात. नामंजुरीचा तो शिक्का पुन्हा कधी वापरला का, असं वहिनींनी विचारलं, तर तो म्हणाला, "नाही. पण शाई भरून ठेवली होती."

लेक लग्न होऊन गेली तेव्हा पावडरीचा डबा बरोबर घेऊन गेली. तिची नात आता भोपळा ठोकते.

राहिला तो दुसऱ्या वर्षीचा, कुणाचाच नसलेला भोपळा. त्याचे उरलेसुरले भोपळे भाऊंनी गल्लीच्या टोकाला, कचऱ्यावर टाकून दिले होते. तिथे तो उगवला तो उगवलाच. दर वर्षी भिंतीवर चढतो, कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. कुठे वाकडा, कुठे ठिपकेवाला, चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. गल्लीत नवीन राहायला आलेला माणूस हमखास विचारतो, हा कसला भोपळा? आणि गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, हा भाऊंचा भोपळा.